चिमटीचा दाणा बबल टीत

एक होती मुंगी. तिचं नाव चिमटी. एक होता बाबा. तो म्हणजे मीच. चिमटी हुशार होती. बाबाचं काही सांगता येत नाही.

चिमटीला ओट्यावर एक साबुदाणा सापडला. तिने तो तिथेच ठेवला आणि जरा साखर चाटायला गेली.

तेवढ्यात माझी लेक रेवा म्हणाली, "बाबा, मला बबल टी."

मी म्हणालो, "दुकानात कशाला? मी आहे ना."

मी साबुदाणे उकळले, रट रट रट. ओट्यावरचा दाणाही टाकला, टुबुक. मग गुळाचा पाक, चहा, दूध आणि बर्फ, खळखळ खळखळ. वर सरबताची बारीक नळी खोचली. ओढलं, सुर्रर्र. काहीच येईना. चिमटीचा दाणा नळीत अडकला. रेवा हसली. मी रुसलो.

चिमटी परत आली. दाणा कुठाय? दाणा नळीत.

"मी तरी कशी वेंधळी! साखर चाटत बसले."

तुरु तुरु तुरु, चिमटी गेली नळीकडे.

"नळीताई, नळीताई, माझा दाणा दे."

"चहा ढकलेल तर देईन."

तुरु तुरु तुरु, चिमटी गेली चहाकडे.

"चहादादा, चहादादा, दाणा ढकल. नळी दाणा देईना."

"पार गारठलोय मी. बर्फ विरघळेल तर ढकलीन."

तुरु तुरु तुरु, चिमटी गेली बर्फाकडे.

"बर्फभाऊ, बर्फभाऊ, विरघळ. चहा ढकलेना, नळी दाणा देईना."

"ऊन येईल तर विरघळीन."

तुरु तुरु तुरु, चिमटी गेली खिडकीत.

"ऊनमामा, ऊनमामा, आत ये. बर्फ विरघळेना, चहा ढकलेना, नळी दाणा देईना."

"ढमी मांजर पडदा ओढेल तर येईन."

तुरु तुरु तुरु, चिमटी गेली ढमीकडे.

"ढमीमावशी, ढमीमावशी, पडदा ओढ. ऊन येईना, बर्फ विरघळेना, चहा ढकलेना, नळी दाणा देईना."

"बाबा दूध देईल तर ओढीन."

तुरु तुरु तुरु, चिमटी आली माझ्याकडे.

"अहो बाबा, अहो बाबा, दूध द्या. ढमी पडदा ओढेना, ऊन येईना, बर्फ विरघळेना, चहा ढकलेना, नळी दाणा देईना."

"माझं काय चुकलं ते कुणी सांगेल तर देईन."

मला वाटलं, कुणाला सांगताच येणार नाही.

चिमटी म्हणाली, "माझा दाणा न विचारता घेतलात. आणि नळी बारीक, दाणा जाड."

मी नळी पाहिली. दाणा पाहिला. एवढ्याशा मुंगीला कळलं, आणि मला मिशा येऊनही कळलं नाही. मला माझंच हसू आलं.

मी दूध दिलं, लप लप लप. ढमीने पडदा ओढला, सर्रर्र. ऊन आलं, चमचम. बर्फ विरघळला, टप टप टप. चहाने ढकललं, ढुश्श. नळीने दाणा दिला, टुप्!

कुठे? माझ्या नाकावर.

तुरु तुरु तुरु, चिमटी चढली नाकावर. तिने दाणा चाखला.

"गोड झालाय. पण पुढच्या वेळी विचारून घ्या."

"हो, चिमटीताई."

मग रेवाने मला चमचा आणून दिला. आम्ही दोघांनी बबल टी चमच्याने खाल्ला.

चिमटीचा दाणा चिमटीला, आणि बाबाची फजिती तुम्हाला.