होनानीने कोरलेली पावले

पूर्वी कृतयुगाच्या आरंभी, पश्चिम महासागरापलीकडच्या एका निर्जल पठारावर, मक्यावर जगणारे होपी नावाचे शांत लोक राहत असत. दूरच्या हिमशिखरावर त्यांचे मेघदेव वसत. त्यांना ते कचिना म्हणत. नाना मुखांचे, नाना वर्णांचे, पिसांचे मुकुट ल्यालेले हे देव हिवाळ्यात गावात उतरत, पेरणीच्या दिवसांत लोकांसाठी नाचत आणि भर उन्हाळ्यात माघारी जात. जाताना, ज्यांचे आयुष्य सरले त्यांनाही ते नेत आणि त्यांचे ढग करीत. हा नेम देवांनाही मोडता येत नसे. नेम करणाऱ्यांना लेकरे नसावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

होनानी हा त्या गावातला थोर शिल्पी. पाण्याच्या शोधात खोल गेलेल्या झाडाचे वाळके मूळ कोरून तो देवांच्या बाहुल्या करी. देव त्या बाहुल्या गावातल्या मुलींना देत, म्हणजे कोणता देव कोणता हे मुलींना कळे. त्याची एकुलती एक कन्या तलासी ज्वराने अंथरुणाला खिळली होती. देवांच्या निरोपाच्या दिवशी देवप्रमुख दारात उभा राहिला, तेव्हा होनानी काय ते समजला. त्याने देवाचे पाय धरले, आपले उरलेले आयुष्य देऊ केले, मग तो रागावला, मग त्याने पुन्हा पाय धरले. देवाचेही डोळे भरून आले. पण त्याने नेम थोडाच बदलतो?

अखेर देव म्हणाला, "वत्सा, माझ्या हाती इतकेच आहे. सूर्यास्तापूर्वी माझी मूर्ती घडव. ती तुझ्या घरात असेतो माझा अंश येथे राहील, आणि अंश असेतो तुझी कन्या."

होनानीने जन्मभराची विद्या पणाला लावली. मुख, पिसे, कंठातली माळ, हातातला खुळखुळा, सारे हुबेहूब उतरले. एवढ्यावर थांबता तर! पण काही उणे राहिले तर मुलगी जाईल, या धास्तीने त्याला थांबवेना. नृत्यात उचललेली पावलेही त्याने टाचाबोटांसकट कोरली. पावले पुरी होताच मूर्ती त्याच्या मांडीवरून उतरली आणि परतणाऱ्या देवांमागे चालू लागली. तलासी अंथरुणातून उठली, तिने मूर्तीचा हात धरला, "बाबा, आम्ही जातो," असे सहज म्हणाली आणि उंबरठा ओलांडून गेली.

होनानी मागे धावला. "प्रभो, माझे काय उणे राहिले?"

"काहीच नाही," देव मान खाली घालून म्हणाला. "तू मला पुरा घडवलेस, आणि मी जाणारा आहे."

तेव्हा होनानीने मागितले, की यापुढे आमच्या कोणाच्याही बाहुलीला उभे राहण्याजोगे पाय नसोत. देव तथास्तु म्हणाला. म्हणून त्या लोकांच्या जुन्या बाहुल्यांची पावले नावापुरती असतात. त्या दोरीने भिंतीवर टांगतात आणि त्या मुलींपाशीच राहतात. होनानीच्या घरात मात्र आता मुलगी नव्हती.

त्या वर्षी पाऊस असा पडला की मका माणसाच्या डोक्यावर गेला. सारा गाव आनंदाने भिजत असताना होनानी ढगांना शाप द्यायला हात वर करी आणि तसाच खाली घेई. त्यांतली तलासी कोणती, हे त्याला कळत नव्हते.