रेवभाटच्या फाटकाची चावी

रेवभाटच्या दफनभूमीचं हे फाटक बघा. गंजून लाल झालंय, पण कुलूप अजून लटकतंय. आणि चार पावलांवर भिंतीला हे एवढं भगदाड! पाहुणे म्हणतात, काय हा कारभार. हसा खुशाल, पण गोष्ट ऐकून हसा.

गोऱ्या साहेबाच्या राज्यात मुंबईला अन्सेल्मो नावाचे आर्चबिशप होते, असे सांगतात. मनाने निर्मळ, पण एका जागी बूड टेकतील तर शपथ. जेवता जेवता उठायचे, जपमाळ ओढतानाही येरझाऱ्या घालायचे.

तेव्हा इथल्या दोन आळ्यांची सणाच्या मिरवणुकीत पुढे कोणी चालायचं यावरून जुंपली. एका मयताच्या वेळी तर दफनभूमीतच डोकी फुटली. आर्चबिशपांनी तिरीमिरीत हुकूम धाडला: समेट होईपर्यंत फाटक बंद, चावी माझ्याकडे. आठवड्यात सगळे नाक घासत येतील, असा त्यांचा होरा. कोणी आलं नाही. लोक हट्टाला पेटले आणि आपली माणसं भिंतीबाहेर पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत पुरू लागले. आर्चबिशप इतर कामांत गुरफटले. दोन वर्षं गेली.

मग रेजिनबायचा निरोप पोचला. तिचा नवरा बस्त्याव चर्चची घंटा वाजवायचा. तोही मेल्यावर पुळणीतच पुरला होता. "दर्या पुळण खातोय, बाबा. अवसेच्या उधाणात माझा माणूस जाईल."

निरोप आला तेव्हा आर्चबिशप जेवत होते. हातातला घास ताटात टाकून उठले ते थेट बंदरावर. पडावातही उभेच. तांडेल म्हणे विनवत होता, "बाबा, बसा हो, पडाव कलंडेल!"

अवसेच्या सकाळी ओहोटीच्या चिखलातून ते गुडघाभर माखून वर आले. रेजिनबाय फाटकापाशीच होती. तिने त्यांच्या अंगठीचं चुंबन घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "चावी आणलीस, बाबा?"

त्यांनी झग्याचे खिसे चाचपले. पुन्हा चाचपले. चावी मुंबईला मेजाच्या खणात राहिली होती आणि दुपारी भरती येणार होती. शरमेने त्यांना रडू कोसळलं, असे सांगतात. "नाही, बाय," ते म्हणाले, "हातच आणलेत."

आणि त्यांनी भिंतीचा वरचा दगड उपटला. मग दुसरा. नखं फुटली. दोन्ही आळ्यांची माणसं लांबून बघत होती. त्यांना ते बघवेना. पहारी आल्या, फावडी आली. आधी कोण पुढे झालं, यावरून त्या दिवशी कोणी भांडलं नाही. दुपारी पाणी पुळणीवर चढलं तेव्हा बस्त्याव आणि बाकीचे सगळे भिंतीच्या आत होते.

पुढे मुंबईहून चावी आली. रेजिनबायने ती परत पाठवली, म्हणे.

आजही मयत या भगदाडापाशी थांबतं. घरातली थोरली बाई फादरांना विचारते, "चावी आणलीस, बाबा?" फादर भिंतीवरचा दगड उचलून म्हणतात, "नाही, बाय. हातच आणलेत." नवे फादर असले की त्यांचा आवाज जरा कापतो. मग पेटीला पुढचा खांदा द्यायला, त्या घराचं ज्याच्याशी बोलणं बंद असेल, त्याला हाक मारतात.

तो येतोच.