पळसपरी आणि शेवटची चानकी

डोंगराच्या पायथ्याशी पळसाचं रान होतं. फाल्गुन आला की त्या रानात झाडावर पान उरायचं नाही, नुसती फुलंच फुलं. केशरी, शेंदरी, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, डोंगरानं अंगावर शेला घेतलाय.

त्या रानाच्या कडेला एक इवलंसं घर होतं. घराला एक दार, एक चूल आणि छपराला सात भोकं. दिवसा त्या भोकांतून उन्हाचे सात कवडसे आत यायचे आणि जमिनीवर हळूहळू सरकत जायचे. राही त्यांना सात बहिणी म्हणायची.

राही आठ वर्षांची होती. तिला आईबाप नव्हते. होता तो भिवाआजा. पंचाहत्तरी ओलांडलेला, काठीसारखा सरळ, आणि बोलायला फार कमी.

दोघं मिळून पत्रावळी लावायची. थंडीत वाळवून दगडाखाली दाबून ठेवलेली पळसाची पानं पाण्यात भिजवायची, एकाला एक जोडायची आणि बारीक काडीनं टाचायची. राहीच्या कमरेला काड्यांची जुडी कायम खोचलेली असायची. गावोगावच्या लग्नांत लाडू-जिलबी त्यांच्या पत्रावळीवर वाढली जायची. त्यांच्या घरी मात्र भाकरी, आणि तिच्याबरोबर असेल ते.

भाकऱ्या आजाच थापायचा. शेवटी परातीत थोडंसं पीठ उरायचं. त्याची तो तळहाताएवढी भाकरी करायचा. तिला चानकी म्हणतात. घरोघरी चानकी लहान लेकरासाठी असते, पण या घरात ती हळद्याची होती. हळद्या म्हणजे आजाचा कुत्रा. रंगानं हळदीसारखा पिवळा, आणि एक कान कायम दुमडलेला. तव्यावर चानकी पडली की तो उंबऱ्यावर येऊन बसायचा. आत यायचा नाही. त्याला रीत ठाऊक होती.

दिवाळीच्या सुमारास हळद्या म्हातारा होऊन गेला. आजानं त्याला पळसाखाली पुरलं आणि त्यावर एक पांढरा दगड ठेवला.

पण हातांना कोण सांगणार? रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की आजाचे हात आपोआप चानकी थापायचे. ती फुगायची, आजा ती उचलून उंबऱ्याकडे वळायचा, आणि मग तिथंच थांबायचा. थोडा वेळ रिकाम्या उंबऱ्याकडे बघायचा. मग ती चानकी पांढऱ्या दगडावर नेऊन ठेवायचा. सकाळपर्यंत मुंग्या ती संपवायच्या. दिवाळीपासून रोज हे असंच. आणि दिवाळीपासून आजा एकदाही हसला नव्हता.

फाल्गुनात म्हाळाप्पा धनगराचा तळ शेजारच्या शेतात पडला. मेंढरं, घोडी, कोंबड्या, आणि एक कुत्री. तिला चार पिल्लं. तीन दांडगी होती, चौथं अगदी मुठीएवढं. काळं कुळकुळीत, शेपटीच्या टोकाला मात्र पांढरा ठिपका, जणू दह्यात बुडवून काढलंय. तिघं मेंढरांमागं पळायची. चौथं चार पावलं चाललं की बसायचं.

म्हाळाप्पा ते पिल्लू घोंगडीत घेऊन आजाकडे आला. उद्या सकाळी तळ हलणार, एवढी वाट या जिवाला झेपायची नाही, वाटेतल्या बाजारात सोडण्यापेक्षा तुमच्या दारात राहील, असं त्यानं सांगितलं. आजानं पिल्लाच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. म्हणाला, "नको रे."

"आजा, मी कुत्रं देतोय, हत्ती न्हवं," म्हाळाप्पा म्हणाला.

"म्हाताऱ्यानं आंब्याचं रोप लावावं, कुत्रं पाळू नये. रोप कुणाची वाट बघत नाही."

एवढं बोलून आजा पानं भिजवायला गेला. राहीला मात्र त्याचं ते बोट दिसलं होतं. पिल्लाच्या डोक्यावरून फिरताना ते कानापाशी रेंगाळलं होतं.

रंगपंचमी जवळ आली होती. रंगासाठी पळसाची फुलं वेचायला राही रानात गेली. मन जाग्यावर नव्हतं. आजाला पिल्लू हवंय आणि नकोही आहे, हे तिला कळत होतं. म्हातारपणामुळं नको, एवढं तो बोलला होता; पण नेमकं कशाला भितो, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी हळूच हुंदका दिला.

राहीनं वळून बघितलं. बोरीच्या काटेरी फांदीवर एक वीतभर उंचीची परी अडकली होती. दवासारखी नितळ, अंगावर झुळझुळीत केशरी वस्त्र, केसांत परागाचे सोनेरी कण. हलली की बारीक घुंगरू वाजल्यासारखं व्हायचं. पण तिचा एक पंख काट्यानं टरकन फाटला होता आणि ओल्या पानासारखा लोंबत होता.

राहीनं काटे एकेक करून बाजूला केले. तिचीच बोटं दोनदा रक्ताळली. परीला तिनं तळहातावर घेतलं आणि पंख निरखून बघितला. पंखाला एवढं भोक होतं की नुसतं जुळवून भागलं नसतं. मग तिनं पळसाची एक ताजी पाकळी घेतली, भोकावर ठिगळासारखी बसवली, कमरेच्या जुडीतली सगळ्यात बारीक काडी काढली, आणि पत्रावळ टाचावी तसे पाच टाके घातले. शेवटी फुंकर मारली. परीनं पंख हलवून बघितला. एकदा, दोनदा, आणि भुर्रकन ती राहीच्या डोक्याभोवती फेरी मारून आली.

"मी पळसपरी," ती म्हणाली. "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण दोन गोष्टी माझ्या हातात नाहीत. गेलेलं मी परत आणत नाही. आणि कुणाचं मन मी वळवत नाही."

तिनं राहीच्या हातात एक फूल दिलं. ते कोमेजायच्या आत मागायचं, असं बजावलं.

राही फूल घेऊन विचार करत बसली. नवा परकर मागावा? छपराची भोकं बुजवून घ्यावीत? मग तिला रिकामा उंबरा आठवला. हळद्या परत येऊ दे, हे तर चालणार नव्हतं. आजाला पिल्लू घ्यावंसं वाटू दे, हेही नाही. मग आजाला पिल्लापेक्षा जास्त आयुष्य दे, असं ती म्हणाली. परीनं हलकेच मान हलवली. आयुष्याची दोरी तिच्याजवळ नव्हती, तिनं ती कधी बघितलीही नव्हती.

फुलाची कड काळी पडायला लागली.

"मग असं कर," राही हळूच म्हणाली. "आजा माझ्याशी बोलत नाही. माणसांशीच फार बोलत नाही. कुत्र्याशी मात्र बोलायचा. त्या पिल्लाला आजाशी बोलता येऊ दे."

परी हसली. तिच्या हसण्यानं फांदीवरची दहा फुलं टपटप खाली पडली.

"येईल. पण पहिला घास पोटात गेला की त्याची वाचा जाईल. आणि ते बोलत असेल तोवर तू ओठ मिटून राहायचं. एक शब्दही बोललीस, तर सगळं तिथंच संपेल."

राही तळावर धावत गेली आणि पिल्लू मागून आणलं. म्हाळाप्पानं तिला बजावलं की आजा नाहीच म्हणाला तर अंधार पडायच्या आत परत आण, आईजवळ निजायचंय त्याला.

ऊन कलतं झालं होतं. सात बहिणी भिंतीवर चढल्या होत्या. आजा चुलीपुढं भाकऱ्या थापत होता. राहीनं पिल्लाला उंबऱ्यावर ठेवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

आजानं वर न बघताच सांगितलं, "परत ने त्याला. लळा लावू नकोस."

"आजा, हा वास कसला?" पिल्लानं विचारलं.

आजाचा हात परातीवर थांबला. त्यानं राहीकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले. मग त्यानं पिल्लाकडे बघितलं. पण तो फारसा दचकला नाही. जन्मभर तो कुत्र्यांशी बोलत आला होता. त्यातल्या एकानं आज उत्तर दिलं, एवढंच.

"भाकरीचा," तो म्हणाला.

"मला मिळेल?"

"नाही. घास दिला की तू इथला होशील."

इथलं झालं तर काय बिघडतं, असं पिल्लानं विचारलं. आजानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, तो सांगू लागला. कुत्र्याला बारा-चौदा वर्षं आयुष्य असतं. आजाजवळ तेवढी शिल्लक नाहीत. "मी आज आहे. उद्या असेन-नसेन."

पिल्लानं मान तिरकी केली. "उद्या म्हणजे काय? ते खायचं असतं का?"

आणि भिवाआजा हसला. आधी नुसत्या मिशा हलल्या, मग खांदे हलले. राहीला ओरडून नाचावंसं वाटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

हसू ओसरल्यावर आजानं दारातून बाहेर बोट दाखवलं. तिथं रानाकडून येणारी वाट चिंचेपाशी वळत होती.

"ते वळण बघ. या घरातली म्हातारी गेली ना, राहीची आजी, तेव्हा हळद्या तिथं जाऊन बसला. ती बाजारातून यायची त्या वाटेकडे तोंड करून. तीन महिने रोज. मी गेलो की तूही तसाच बसशील. मला ते बघवत नाही रे. आत्तापासूनच दिसतंय, आणि बघवत नाही."

राहीला आता कळलं. आजा कशाला भीत होता, ते कळलं.

पिल्लू त्या वळणाकडे बघत राहिलं. मग म्हणालं, "हळद्या तिथं बसायचा, तेव्हा त्याला भाकरी कोण द्यायचं?"

"मी नेऊन द्यायचो."

"त्याच्याजवळ कोण बसायचं?"

"मीच."

"मग मी बसेन, तेव्हा माझ्याजवळ कोण बसेल?"

राहीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, अगदी टोकाशी. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिला परीचे शब्द आठवले. तिनं उत्तर गिळलं. मग ती दोन पावलं पुढं आली आणि काही न बोलता उंबऱ्यावर पिल्लाच्या शेजारी बसली. गुडघे पोटाशी घेऊन, चिंचेच्या वळणाकडे तोंड करून.

आजा त्या दोघांच्या पाठी बघत राहिला. एक इवलीशी पाठ, आणि एक तिच्याहून इवलीशी.

मग तो परातीकडे वळला. उरलेलं पीठ गोळा केलं, पाण्याचा हात लावला आणि चानकी थापली. या वेळी हातांनी चुकून थापली नाही. आजानं थापली. ती तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर धरली. टम्म फुगली. तो ती घेऊन उंबऱ्याकडे आला, आणि त्याला थांबावं लागलं नाही.

पिल्लाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी त्यानं तोंड लावलं नाही. "आजा, हे खाल्लं की मला बोलता यायचं नाही. तुला आणखी काही विचारायचंय?"

आजानं विचार केला. "तुझं नाव काय?"

"ते तुम्ही ठेवायचं असतं."

"मग ते राही ठेवील," आजा म्हणाला. "हाक तिलाच जास्त वर्षं मारायची आहे."

पिल्लानं शेपटी हलवली आणि चानकीचा पहिला घास घेतला. नंतर त्याच्या तोंडून नुसतं 'क्यांव' एवढंच आलं. चानकी अजून गरम होती.

आता राहीचे ओठ मोकळे झाले होते. तिनं काळ्या अंगावरून हात फिरवला.

"काजळ्या," ती म्हणाली.

शेपटीचा पांढरा ठिपका जोरात हलला.

त्याच वेळी छपराच्या सातही भोकांतून प्रकाश आत आला, पळसाच्या फुलासारखा केशरी. त्या प्रकाशात परी तरंगत होती. तिच्या नितळ पंखावर राहीनं टाचलेली पाकळी निखाऱ्यासारखी झळकत होती. आजानं तिला हात जोडले. परीनं राहीच्या कपाळावर आपल्या चिमुकल्या हातानं सोनेरी पराग लावला. मग घुंगरू वाजल्यासारखं झालं, प्रकाश एका ठिणगीएवढा लहान झाला, आणि ती ठिणगी सूर्याबरोबर डोंगरामागं गेली.

सकाळी मेंढरांच्या घंटा वाजवत तळ हलला. म्हाळाप्पानं लांबूनच ओरडून विचारलं की हत्ती किती भाकऱ्या खातो. आजानं हाताचं एक बोट वर केलं. तेव्हा राहीचं लक्ष छपराकडे गेलं. रात्रीतून कुणीतरी तिथं पळसाची हिरवीगार पानं टाचून ठेवली होती, अगदी बारीक टाक्यांनी. सहा भोकं बुजली होती. उंबऱ्यावरचं एक तेवढं उघडं ठेवलं होतं. त्यातून आलेल्या उन्हात काजळ्या पोट वर करून निजला होता.

भिवाआजा त्यानंतर किती वर्षं जगला, ते मी सांगत नाही. काजळ्यानंही कधी विचारलं नाही. पण चानकी रोज झाली, आणि पांढऱ्या दगडाजवळच्या मुंग्यांनाही तिचा चुरा रोज मिळत राहिला.

द्रोणात मावेल एवढीच गोष्ट माझ्याजवळ होती. ती तुम्हांला वाढली. आता पाखरांनो, जेवा आणि निजा.