चौकातलं मडकं

खूप खूप जुनी गोष्ट आहे. त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाच्या ध्यानात नाही. गावाच्या वर टेकडीत तळं होतं आणि तळ्याच्या बांधावर भिवराबाई एकटी राहायची. पाटात पाणी सोडायचं दार तिच्या हाती होतं.

आधी ज्याला पाणी हवं तो टेकडी चढून यायचा, तिच्या ओट्यावर टेकायचा, चार सुखदुःखाच्या गोष्टी व्हायच्या. मग गावानं शक्कल लढवली. चौकात उंच खांब रोवला आणि त्यावर दोरीनं मडकं टांगलं. मडकं जितकं वर, तितकं दार भिवराबाईनं उघडायचं. चढण वाचली म्हणून गाव खूश! प्रोग्रॅम लिहिणारी माझी नात म्हणते, "आजोबा, पायथनमधला ग्लोबल व्हेरिएबल तो हाच, प्रोग्रॅममध्ये कुठूनही दिसणारी अन् कुठूनही बदलता येणारी नोंद." असेल बुवा.

भिवराबाईकडे मात्र कुणी फिरकेना. दिवसदिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. सकाळी मडकं बघायचं, दार सरकवायचं, आणि मग कुणी चढण चढून येतंय का बघत बसायचं. फार वाईट वाटायचं तिला.

एकदा कुंभारानं मडकं खाली ओढलं. पाटाकाठच्या अंगणात त्याची कच्ची भांडी वाळत होती. त्याची पाठ वळते न वळते तोच शेजारच्या शेतातली कुसाआत्या आली आणि आपल्या भातासाठी तिनं मडकं पार वर चढवलं. ते खाली कुणी का ओढलं होतं, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. वरून भिवराबाईनं मडकं पाहिलं आणि दार सताड उघडलं. पाट फुगून अंगणात शिरला आणि कुंभाराच्या महिन्याभराच्या मेहनतीचा चिखल झाला.

गाव भिवराबाईवरच उखडलं. म्हातारीला दिसत नाही, दार दुसऱ्याकडे द्या, झोपडी खाली करा, असं ठरतच आलं होतं.

"मडकं दिसलं तसं मी केलं," ती चौकात येऊन पाटलांना म्हणाली. "पण त्याला हात कुणी लावला अन् कशापायी, ते मडकं कुठं सांगतं?"

कुसाआत्यानं खाली मान घालून कबुली दिली. मग पाटलांनी ठरवून दिलं: मडकं सगळ्यांनी बघावं, पण हलवायचं तर आधी वर जाऊन भिवराबाईला सांगायचं. एकट्याच्या शेतापुरतं पाणी कमीजास्त करायचं असेल, तर आपल्याच बांधावर छोटं दार बसवायचं.

दुसऱ्या दिवशी धापा टाकत चढण चढून आली ती कुसाआत्याच. काम एवढंसं होतं. भिवराबाईनं घोंगडी अंथरली, आणि उन्हं कलेपर्यंत तिला उठूच दिलं नाही.

म्हणून सांगतो, जे सगळ्यांचं आहे ते न सांगता बदलू नये, आणि आपल्यापुरतं काम आपल्याच बांधावर भागवावं.