वस्तादांची मलमाची ट्यूब

वस्ताद रंगराव म्हणजे तालमीतला देव, पण एक खोड वाईट. कुणाला नुसतं खरचटलं, तरी साबण-पाणी सोडून अँटिबायोटिक मलम फासायचे. मग लाडका पठ्ठा यल्लाप्पाचा गुडघा पिकला आणि मलम लागूच पडेना. पाय जायची वेळ आली. दवाखान्यात वस्ताद गरजले, "सिस्टर, दोन वर्षं रोज लावतोय, तुमचं औषधच बोगस!"

जखम धूत हौसा सिस्टर म्हणाल्या, "वस्ताद, पठ्ठ्यांना सगळे डाव शिकवता?"

"खुळ्या का काय तुम्ही! एक राखून ठेवतो. उद्या माझ्यावरच उलटला तर?"

"मग जंतूंना हा मलमाचा डाव दोन वर्षं रोज का दाखवलात? त्यांनी तोड शोधली."

वस्तादांनी खिशातली ट्यूब काढून सिस्टरपुढे ठेवली. गुडघा चिरावा लागला. पाय वाचला, पण यल्लाप्पा पुन्हा लाल मातीत उतरला नाही.