रावधोंडा

सुरंगण्याच्या खाडीकाठी, अल्याडच्या वाडीतल्या छोट्या कपेलापासून, म्हणजे प्रार्थनाघरापासून, पन्नास पावलांवर, जांभ्याचा एक सपाट धोंडा आहे. त्याचं नाव ऐकलं की पाहुणे हमखास विचारतात, हे राव कोण? कुणी इनामदार होते का? एकाने तर मागे रावणालाच इथे आणून बसवलं होतं. पण इथे कुणी राव नव्हता आणि रावणही नव्हता. इकडच्या बोलीत 'राव' म्हणजे थांब. आता हे कुणी कुणाला म्हटलं आणि ते दगडाला का चिकटलं, हे ऐकायचं तर टेकावं लागेल. तशीही भरतीशिवाय होडी सुटत नाही, तेव्हा बसाच.

खाडीच्या दोन्ही काठांवर कॅथलिकच राहतात. पल्याडच्या वाडीला मोठं चर्च आहे, विगार म्हणजे मुख्य पाद्री आहे, आणि त्याच्या वरती थेट रोमपर्यंत पोचणारी वरिष्ठांची रांग आहे. अल्याडच्या तीस घरांना यातलं काही नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तीच, संत तेच, माळेचे मणीही तेवढेच. फक्त हे लोक कुणाच्या हाताखाली नाहीत. ही फाटाफूट कशावरून झाली ते विचारू नका. दोन म्हाताऱ्यांना विचारलंत तर तीन कारणं ऐकून घरी जाल. एवढं मात्र खरं, की त्यानंतर पल्याड दिलेल्या लेकी माहेरी येईनाशा झाल्या.

त्या काळी अल्याडच्या कपेलात पाद्री कायतान होता, असे सांगतात. शिंप्याचा मुलगा, साठीला आलेला, बोलायला गरीब आणि सुईदोऱ्यात तरबेज. वाडीला तो एकटाच पाद्री होता आणि त्याच्यामागे दुसरा होणार कसा, हा घोर सगळ्यांना लागला होता. कारण पाद्री करायचा अधिकार बिस्पाला, म्हणजे बिशपला, आणि बिस्प तर यांना नव्हताच. कायतान गेला की कपेलाला कुलूप. म्हणून लोकांनी त्यालाच बिस्प निवडलं आणि आपल्यासारख्याच, रोमपासून वेगळ्या झालेल्या एका परदेशी बिस्पाला पत्र घातलं. वर्षाने उत्तर आलं. 'नाताळाआधी माझी आगबोट तुमच्या किनाऱ्यावरून जाईल. एक रात्र उतरेन, कायतानच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बिस्प करेन. दोन गोष्टी तयार असाव्यात: बिस्पाचा झगा आणि सर्व कॅथलिक घरांची संमती.'

कपेलाची चावी सांभाळणाऱ्या मिंगेलने पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाला, "सर्व म्हणजे आपली तीस."

फिलूबाय म्हणून एक वयस्कर बाई पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पल्याडचे काय कॅथलिक नाय? सर्व म्हणजे सर्व."

याला नाही म्हणणार कोण? प्रत्येक घरातली एखादी मुलगी, एखादी आत्या पल्याड दिलेली होती, आणि आपली माणसं मोजताना तिला वगळायची सवय कुणालाच नव्हती. फिलूबायनी झग्याचाही निकाल तिथल्या तिथे लावला. "घराघरातसून कापडाचो एकेक तुकडो घेवया. तोच होकार, आणि तेचोच झगो शिवया." परदेशी बिस्पाच्या पत्राचा असा अर्थ जगात दुसऱ्या कुणी लावला नसता, पण लोकांना तो इतका पटला की मिंगेलने पत्र घडी करून ठेवूनच दिलं.

कायतान मात्र हादरला होता. त्याला पल्याडच्या चाळीस घरांची भीती नव्हती, एकाच घराची होती. ते त्याच्या थोरल्या बहिणीचं, साबेलबायचं. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई अल्याडला वारली, तेव्हा कायतानने बहिणीला निरोपच पाठवला नव्हता. पल्याडचे लोक येऊन आईला आपल्या चर्चच्या दफनभूमीत नेतील, या धास्तीने त्याने सकाळी गेलेल्या आईला दुपारी मूठमाती दिली. दफनभूमी खाडीला लागूनच आहे. साबेल समोरच्या काठावर कपडे धूत होती म्हणे. तिने पेटी जाताना पाहिली, खांदेकऱ्यांत भावाला ओळखलं, आणि कोण गेलं ते तिला तिथे पाण्यात उभ्या उभ्या कळलं. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

तरी तो गेला. पल्याड पहिल्या दिवशी चार दारं तोंडावर लागली. दुसऱ्या दिवशी एका बाईने नेसत्या लुगड्याचा काठ फाडून दिला, कारण तिचं माहेर अल्याडचं. मग हळूहळू तुकडे जमू लागले. कुणी परकराची पट्टी दिली, कुणी पीठ चाळायचं फडकं दिलं, आणि प्रत्येकाने बजावलं, की कापड देतो, पण बिस्प मानणार नाही. विगाराच्या स्वयंपाकिणीने तर विगाराच्याच जुन्या झग्याची बाही कापून दिली. विगाराला हे कळलं नाही, किंवा कळूनही त्याने कानाडोळा केला. एकूणात माणूस बरा असावा.

राहिलं साबेलचं घर. कायतान रोज तिच्या अंगणात जाऊन बसायचा आणि रोज दार बंद. आठव्या दिवशी ती बाहेर आली. त्याच्या मांडीवरच्या तुकड्यांकडे तिने पाहिलं आणि विचारलं, "आवशीक काय नेसवलेलंस?"

कायतानने बिस्पपदाबद्दल सांगायचं सगळं पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

"रोजचांच लुगडां," तो म्हणाला. "निळां. बदलूचो इचारच नाय इलो. भियालेलंय गे बाय."

साबेल आत गेली आणि एक लाल लुगडं घेऊन आली. आईचं लग्नातलं. "ह्यां तिना माझ्याकडे ठेवलेलां. मेल्यार ह्यां नेसव म्हणान सांगलेलां," ती म्हणाली. "तू वायच रावलो असतंस तर?"

कायतान रडला. ती रडली नाही. "माझो होकार नाय," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ठरल्या दिवशी संध्याकाळी परदेशी बिस्प उतरला. ठिगळांचा तो झगा पाहून आधी चकित झाला, मग झाली हकिगत ऐकून खो खो हसला. 'अहो, मी फक्त तुमच्या घरांबद्दल लिहिलं होतं! पलीकडच्यांची संमती कोण मागेल?' वाडीने सुस्कारा सोडला. मिंगेल तर 'मी पहिल्यांदाच सांगलेलंय' असं सगळ्यांना सांगत सुटला. सुटला प्रश्न, असं सगळ्यांना वाटलं, एकट्या कायतानला सोडून.

"पण मी इचारून बसलंय," तो म्हणाला. "इचारलां तर उत्तराची वाट बघूक नको?"

उत्तर मिळालंय की, लोक म्हणाले. तो म्हणाला, आणखी एकदा बघतो. विधी कपेलात नको, खाडीकाठच्या धोंड्यावर करू. मागच्या वेळी तिला जे चोरून केलेलं दिसलं, ते या वेळी उघड्यावर दिसू दे. होडी हाकणाऱ्या तारी बोस्त्यांवबरोबर त्याने बहिणीला निरोप धाडला: 'सकाळी धोंड्यावर आसंय. वाट बघतंय.' नऊ वर्षं उशिरा का होईना, निरोप गेला.

सकाळी कायतान झगा घालून धोंड्यावर गुडघे टेकून बसला. परदेशी बिस्प शेजारी उभा. समोरचा काठ रिकामा. भरती चढली, टेकली. पाणी उतरायला लागलं की बिस्पाची होडी गाळात बसणार आणि बाहेर आगबोट काही थांबणार नव्हती. लोक कुजबुजू लागले, मग उघड बोलू लागले. आता नाही तर कधीच नाही, तीस घरं पाद्रीविना मरतील, एका बाईच्या रागापायी! फिलूबायसुद्धा म्हणाल्या, "कायतान, पुरे." कायतान मान खाली घालून बसून राहिला.

शेवटी परदेशी बिस्पानेच त्याच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि तेवढ्यात पाण्यावरून हाक आली.

"राव!"

साबेल काठावर उभी होती. कायतानने बिस्पाचा हात वरच्या वर धरला. बोस्त्यांव होडी घेऊन गेला, तिला घेऊन आला. पाणी दोन बोटं उतरलं होतं. ती उतरली, भावाकडे न बघता त्याच्या शेजारून गेली, सरळ दफनभूमीत. आईच्या थडग्यावर तिने ते लाल लुगडं अंथरलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि तिथे तिला हवा तेवढा वेळ बसली. मग परत आली. बिस्पाच्या अंगठीला ओठ लावले नाहीत, गुडघे टेकले नाहीत. भावासमोर उभी राहून म्हणाली, "आता कर."

परदेशी बिस्पाची होडी त्या दिवशी गाळातून ढकलत न्यावी लागली, असेही सांगतात.

आजही अल्याडचा नवा बिस्प त्याच धोंड्यावर होतो. त्याआधी महिनाभर तो पल्याडच्या दारोदार फिरतो, होकार मागतो आणि बहुतेक ठिकाणी नकार घेऊन येतो. विधीच्या दिवशी सगळी तयारी झाली की तो गुडघे टेकून समोरच्या काठाकडे बघत राहतो. हाक कधी येईल ते ठरलेलं नसतं, आणि कुणाला बोलवायला जायची मुभा नसते. मागच्या खेपेचा बिस्प सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत बसला होता. हाक आली की होडी जाते, आणि पल्याड दिलेली एखादी बाई येते. ती आधी आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी जाते, तिथे लागेल तेवढा वेळ घेते. पल्याडची माणसं अल्याडच्या बिस्पाला आजही बिस्प मानत नाहीत. पण तिने परत येऊन "आता कर" म्हटल्याशिवाय अल्याडला बिस्प होत नाही.