बिट्टी कधी येणार?

“सगळं नवं केलंय मास्तर. एक सूर जुना ठेवला नाही. तरी कुठं अडतंय?”

लग्नानंतर जोडीनं पाया पडायला म्हणून आम्ही वेंगुर्ल्याला आलो होतो. सौमित्र नमस्काराला वाकला तो हे विचारतच उठला.

वालावलकर मास्तरांनी दशावतारात जन्मभर पायपेटी वाजवली. सौमित्र लहानपणी त्यांच्याच मांडीशी बसून शिकलेला. आत्ता ते पेटीच्या पट्ट्या पुसत होते... पुसत राहिले.

“सांग.”

सौमित्रनं सांगितलं. मुलांचा कार्टून सिनेमा, बिट्टी नावाच्या कासवाचा. पहिल्या भागात अंड्यातून निघालेली बिट्टी समुद्राकडे धावते, तेव्हाची चाल त्याचीच. अजून मुलांच्या वाढदिवसांना वाजते. दुसऱ्या भागात मोठी झालेली बिट्टी त्याच किनाऱ्यावर परत येते. संगीत पुन्हा सौमित्रचंच.

परवा चार मुलांना बोलावून दाखवून पाहिला. एक मुलगी सारखी आईला विचारत होती, “बिट्टी कधी येणार?”

बिट्टी पडद्यावरच होती. अर्धा तास झाला होता.

“सोमवारी वादक येतायत. तोवर नाही जमलं तर काम दुसऱ्याला देणार, निर्माते म्हणतात.”

मी हळूच त्याचा हात धरला. सप्तपदीलाही तो इतका गार नव्हता.

“ती चाल खंय गेली?” मास्तरांनी विचारलं. “धावण्याची?”

“ती कॉलेजात असताना केलेली, मास्तर. तीच पुन्हा वाजवली तर लोक म्हणतील, संपला हा.”

मास्तरांनी फडकं झटकलं आणि ते माझ्याकडे वळले.

“सूनबाय, नाव घे बघूया.”

नव्या नवरीची यातून सुटका नसते. उंबरठ्यावर घ्या, ताटावर घ्या. मी आता तयारीनंच फिरते.

“अंगणातल्या जास्वंदीला कळी आली लाल,
सौमित्ररावांच्या डोक्यात चोवीस तास चाल.”

मास्तरांना गंमत वाटली. “अजून एक.”

“काजूच्या बोंडूला तुरट चव फार,
सौमित्ररावांच्या रागाला मुळीच नाही धार.”

“मास्तरांसमोर तरी माझी अब्रू ठेव गं,” सौमित्र म्हणाला. पण हसला. आठवडाभरातलं पहिलं हसू.

मास्तर माझ्या कानाशी वाकले आणि हलकेच काही म्हणाले. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं... त्यांनी नुसती मान हलवली.

वडीलधाऱ्यांचं ऐकायचं, असं मला माहेराहून बजावून पाठवलेलं आहे.

“वेंगुर्ल्याच्या खाडीत होडी हाकतो नावाडी,
मास्तरांच्या घरी आले नेसून नवी साडी.”

आणि थांबले.

यमक जुळलं होतं. साडीही खरोखरच नवी होती. नाव तेवढं आलं नव्हतं. सौमित्र मात्र माझ्या तोंडाकडे बघत बसला, मान पुढे काढून. कासवासारखी.

बाहेर कुणीतरी माडाची झावळी ओढत नेत होतं...

मास्तरांनी पेटीच्या भात्यावर पाय ठेवला. वाजवलं काहीच नाही.

“काय रे सौमित्रा,” ते म्हणाले, “वाट कोणाची बघतंस?”